डोंगर कुठे जातो?

व्हायव्हाला एक्स्टर्नलसमोर उभं राहणं म्हणजे काय ते आपण सगळेच जाणतो. पण माझ्या अनुभवावरून सांगतो, सातवीच्या तीस पोरांसमोर खडू घेऊन उभं राहणं त्याहून अवघड. एक्स्टर्नल निदान मध्येच चहा प्यायला तरी जातो!

यंदा जानेवारीत आमचा एनएसएसचा सात दिवसांचा कँप सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका वाडीत होता. सकाळी श्रमदान आणि दुपारी शाळेत शिकवणं. मी सिव्हिलचा, त्यामुळे ‘भूरूपं कशी तयार होतात’ हा धडा आपसूक माझ्या गळ्यात पडला. पहिल्या दिवशी मी फळ्यावर विदारण, खनन, वहन, संचयन असे चार शब्द सुबक अक्षरात लिहिले. पोरांनी ते वहीत उतरवून घेतले आणि खिडकीबाहेर बघत बसली. खिडकीबाहेर डोंगर होता. म्हटलं, च्यायला, पुस्तक बाहेर उभं असताना मी फळ्यावर काय करतोय?

मग वर्गच बाहेर नेला. शाळेच्या मागे रस्त्यासाठी खणलेला मुरूम होता आणि त्यात मोठमोठे गोल दगड. एका पोराने दगडाला काठीने डिवचलं तर कांद्याची पात निघावी तशी साल निघाली. आतल्या गाभ्यावर हातोडी मारली की ठण्ण! वरच्या सालीवर मारली की भुगा. म्हणजे खडक तोच, पण बाहेरून कुजलेला. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून ते किंचित आंबट होतं, फटींतून आत शिरतं आणि बेसॉल्टमधल्या खनिजांची हळूहळू चिकणमाती करतं. कोपरे तीन बाजूंनी कुजतात म्हणून आधी जातात, आणि चौकोनी ठोकळा गोल होतो. आपण साइटवर भरावाला जो मुरूम टाकतो तो हाच, अर्धा खडक आणि अर्धी माती. एवढं झाल्यावर फळ्यावरचा ‘विदारण’ हा शब्द पोरांना समजावून सांगावा लागला नाही.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर साचले. सह्याद्रीच्या बाजूला त्यांची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. घाटातून एसटीने जाताना डोंगराला जिन्यासारख्या पायऱ्या दिसतात ना? कठीण थर कडा होऊन उभा राहतो, मऊ थर झिजून उतार होतो. ‘डेक्कन ट्रॅप’मधला ट्रॅप हा शब्दच मुळी स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरून आलाय. पोरांना एक गणित घातलं: समजा शंभर वर्षांत डोंगर फक्त १ मिलिमीटर झिजला, तर तेवढ्या काळात किती? उत्तर आलं ६६० मीटर! एक पोरगं गंभीरपणे म्हणालं, “मंजी आमचा डोंगर आधी लय उंच व्हता.” अगदी बरोबर.

नदीच्या कामासाठी मी निघोजचं उदाहरण दिलं. पारनेर तालुक्यात कुकडीच्या पात्रात काळ्या कातळात रांजणखळगे आहेत. सेकंड इयरला आम्ही बाइकवरून गेलो होतो. (सबमिशन बुडवून. असो.) पाणी एकटं कातळाला एवढं खोल कोरत नाही. भोवऱ्यात सापडलेले गोटे गरगर फिरतात आणि जात्यासारखा कातळ दळतात. गोटे झिजून संपतात, पुढच्या पुराला नवे येतात. खळग्याच्या तळाशी ते गुळगुळीत गोटे अजून सापडतात.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. चौथ्या दिवशी मी मेसमधली परात आणली, तिरकी ठेवली, तीत मुरूम आणि माती थापली, वर काडेपेटीची घरं मांडली आणि झारीने पाणी सोडलं. बराच वेळ काहीच होईना. पोरं कंटाळली. आणि मग अचानक, एका झटक्यात, सगळा थर घरांसकट खाली! पोरं टाळ्या पिटून हसली. मीही हसलो.

एका पोराने चांगला प्रश्न टाकला: “दादा, दिवाळीत किल्ला करताना पाणी मारलं की माती घट्ट बसते. मग ही का घसरली?” सॉइल मेकॅनिक्सचा पेपर दोनदा दिलेल्या माणसालाही घाम फुटावा असा प्रश्न! थोडी ओल असते तेव्हा दोन कणांमधलं पाणी त्यांना एकमेकांकडे ओढून धरतं. पण सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की ओढणारं कुणी उरत नाही. उलट तेच पाणी कणांना एकमेकांपासून ढकलतं, त्यांच्यातलं घर्षण कमी होतं आणि वर वजनही वाढलेलं असतं. खाली कातळ असेल तर पाणी तिथे अडतं आणि घसरायला आयती घसरगुंडी मिळते. आपण ज्याला पोअर प्रेशर म्हणून चार मार्कांना रट्टा मारतो, ते हेच.

मागे बसलेली एक मुलगी मात्र हसली नव्हती. वर्ग सुटल्यावर ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, “दादा, आमचा डोंगर पण येईल का मळीणसारखा?”

३० जुलै २०१४च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं मळीण गाडलं गेलं. नेहमीची एसटी घेऊन गेलेल्या ड्रायव्हरला गावच दिसेना, तेव्हा जगाला कळलं. दीडशेच्या आसपास माणसं गेली. मग २०२१च्या जुलैत महाड तालुक्यातलं तळिये आणि २०२३च्या जुलैत खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. तिन्ही वेळा मुसळधार पाऊस आणि तीव्र उतार. हे सगळं मला पाठ होतं, आणि तरी मी काडेपेटीची घरं मांडून हसत होतो. “नाही येणार गं” असं म्हणणं सोपं होतं. ते खोटं ठरू शकलं असतं, म्हणून म्हणालो नाही. म्हटलं, “उद्या जाऊन बघू.”

दुसऱ्या दिवशी गुरुजी, पाच-सहा पोरं आणि मी घरांच्या वरच्या उताराला गेलो. काय बघायचं ते वाटेत सांगितलं: जमिनीला आडव्या भेगा, कललेली झाडं, नव्याने फुटलेले किंवा गढूळ झालेले झरे, पायथा कापलेली जागा. भेग सापडली. पायवाटेसाठी उतार कापला होता त्याच्या बरंच वर, गवतात लपलेली, सुमारे वीस पावलं लांब. त्या मुलीची आजी म्हणाली, “दोन पावसाळं झालं, झऱ्याचं पाणी लाल येतंया.”

आता भेग म्हणजे डोंगर येणारच असं नाही, आणि भेग नाही म्हणजे येणार नाही असंही नाही. हे ठरवायला भूवैज्ञानिक लागतो, थर्ड इयरचा पोरगा नाही. गुरुजींनी फोटोसह अर्ज लिहिला, ग्रामसेवकांमार्फत तालुक्याला पाठवला. पाणी आत मुरू नये म्हणून आम्ही भेग चिकणमातीने बुजवून घेतली आणि वरच्या बाजूने चर खणून पाणी ओढ्याकडे वळवलं. श्रमदानाचे शेवटचे दोन दिवस त्यातच गेले. भेगेच्या दोन बाजूंना लोखंडी खुंट्या ठोकल्या. दर रविवारी पोरांनी त्यांच्यातलं अंतर टेपने मोजून वहीत लिहायचं. अंतर वाढायला लागलं किंवा झरा एकदम गढूळ झाला किंवा आटला, तर कुणाची वाट न बघता खालच्या सात घरांनी शाळेत झोपायला यायचं, असं वाडीने ठरवलंय. वही त्या मुलीकडे आहे.

तालुक्याहून अजून कुणी आलेलं नाही. जूनच्या पहिल्या रविवारी गुरुजींचा फोन आला होता. अंतर ४३ सेंटिमीटर. जानेवारीत ४३च होतं. पाऊस अजून सुरू व्हायचाय.