ठणका थांबला, पण दाढ बंद झाली का?

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत कर्जाचं कारण सांगताना बियाणं, शाळेची फी यांच्या जोडीला आता ‘दाढ’ही येते. रूट कॅनॉल करायचं म्हणजे पैसे लागतात आणि वाशिमला दोन-तीन चकरा होतात. पहिल्या चकरेतच ठणका थांबतो. तोवर सोयाबीन सोंगणीला येतं, मजुरी बुडवून जायचं जिवावर येतं, अन् शेवटची चकर राहून जाते. गोम तिथंच आहे.

रूट कॅनॉलमध्ये डॉक्टर दाढेतली सडलेली नस काढतात, मुळातल्या बारीक नळ्या साफ करून त्यात गटापर्चा भरतात. हा झाडाच्या चिकापासून होणारा रबरासारखा पदार्थ. वरचं तोंड मात्र कच्च्या सिमेंटनं तात्पुरतं बुजवतात. लवंगेचा वास येतो ना, ते युजेनॉल. लवंगेच्या तेलातच असतं. दुसरा एक पांढरा लगदा तोंडातल्या ओलाव्यानं घट्ट होतो. सुरुवातीला दोन्ही फट बरी बुजवतात, पण भाकरी चावून चावून झिजतात. त्यांचं काम थोड्या दिवसांचं.

मग थुंकीबरोबर जंतू आत झिरपतात. लोणच्याची बरणी कितीही स्वच्छ धुतली तरी झाकण सैल असलं की बुरशी धरतेच, तसंच हे. अन् दाढेत नसच उरली नाही, त्यामुळे आतून कीड लागली तरी कळत नाही. कळतं तेव्हा हिरडी सुजलेली असते.

१९९५ साली रे आणि ट्रोप या दंतवैद्यांनी अशा १,०१० दातांचे एक्स-रे तपासले. नळ्या आणि वरचं भरण दोन्ही नीट, त्यातल्या सुमारे ९१ टक्के दातांच्या मुळाशी सूज नव्हती. नळ्या नीट, पण वरचं भरण खराब, तिथं असे दात फक्त ४४ टक्के! पुढच्या काही अभ्यासांत फरक इतका मोठा दिसला नाही, तरी दोन्ही कामं नीट हवीत हेच निघालं.

पक्क्या भरणात ग्लास आयोनोमर दाताला स्वतःहून धरतं. दाताच्या रंगाचं कंपोझिट मजबूत, पण निळ्या प्रकाशानं घट्ट होताना किंचित आकसतं. भरताना दात अगदी कोरडा लागतो. म्हणून डॉक्टर कापूस बदलत वेळ लावतात, तेव्हा घाई करू नका. चावायची दाढ असेल तर बहुतेक वेळा वर टोपीही लागते, कारण पोखरलेली दाढ तडकू शकते.

कच्चं सिमेंट पडलं तर दुखत नसलं तरी लवकर दाखवा. दाढ बरेच दिवस उघडी राहिली तर नळ्या पुन्हा साफ करून भराव्या लागू शकतात, म्हणजे खर्च दुसऱ्यांदा. कर्जाचा अर्ज लिहिण्याआधीच डॉक्टरांना विचारा, “पक्कं भरण आणि टोपी धरून एकूण किती?” अर्जात तोच आकडा टाका.