गिल, रॉबर्ट

(१८०४–१८७९). अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या तैलरंगातील पहिल्या विस्तृत प्रतिकृती करणारा ब्रिटिश चित्रकार व छायाचित्रकार. जन्म लंडन येथे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यात तो अधिकारी होता. १८१९ मध्ये प्रकाशात आलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रे ओल, धूर व प्रवाशांची नासधूस यांमुळे झडू लागली होती. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या आग्रहावरून कंपनीने त्यांच्या प्रतिकृती करविण्याचे ठरविले आणि १८४४ मध्ये हे काम गिलकडे सोपविले.

त्यानंतरचे त्याचे आयुष्य मुख्यतः खानदेशाच्या सीमेलगतच्या, तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या अजिंठा परिसरात गेले. गावातील बारादरीत तो राहत असे. हा एकांतवास दंतकथेत रंगविला जातो तितका निखळ नव्हता : लेणी पाहण्यास येणारे पाहुणे, वाघाची शिकार आणि पारो ही स्थानिक सहचरी यांनी तो व्यापलेला होता. पारो १८५६ मध्ये मरण पावली. तिची कबर अजिंठ्यात आहे. या प्रेमकथेवर पुढे कथा-काव्ये व चित्रपट झाले. मात्र त्यांत गिलचे प्रत्यक्ष काम बरेचसे झाकले गेले.

अंधाऱ्या दालनांत, काजळलेल्या भिंतींसमोर त्याने पंचविसांहून अधिक मोठी चित्रे पूर्ण करून लंडनला पाठविली. तेथील सिडनम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेली ही चित्रे डिसेंबर १८६६ च्या आगीत भस्मसात झाली. अन्यत्र असलेली मोजकीच वाचली. ती व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयात आहेत. जळालेल्यांपैकी काहींची कल्पना १८५६ मधील एका इंग्रजी ग्रंथात छापलेल्या लहान काष्ठकोरीव चित्रांवरूनच येते. भिंतीवरचे मूळ चित्र पुसट होत असताना तिची नक्कलही नाहीशी व्हावी, ही हानी दुहेरी होय. विशेष म्हणजे, १८७२ पासून मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांसह जॉन ग्रिफिथ्सने नव्याने केलेल्या प्रतिकृतींपैकीही कित्येक १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या.

गिलचा टिकाऊ वारसा छायाचित्रांत आढळतो. सुमारे १८५६ पासून त्याने अजिंठा, वेरूळ, लोणार इ. ठिकाणच्या वास्तूंची छायाचित्रे घेतली. जेम्स फर्ग्युसनच्या विवेचनासह त्यांचे दोन संग्रह १८६४ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. जीर्णोद्धारापूर्वीच्या स्थितीचा पुरावा म्हणून ती आजही पाहिली जातात. रंग मात्र त्यांत नाहीत. त्यासाठी उरलेल्या थोड्या तैलचित्रांकडेच वळावे लागते.

आगीनंतरही गिलने काम सोडले नाही. १८७९ मध्ये तो मरण पावला. त्याची कबर भुसावळ येथे आहे.