गाडी येण्याआधी

ऑक्टोबरात मराठवाड्यातल्या ताडकळसच्या बसथांब्यावर जलरंगात चित्र करायचे तर पहिले भांडण कागद वाळण्याशी. पावसाळ्यात रंगाचा वॉश बराच वेळ ओला राहतो. इथल्या दिवाळीआधीच्या उन्हात आकाशाचा निळा वरून लावत खाली येईपर्यंत वरची कड सुकते आणि मध्येच नको ती रेघ उमटते. म्हणून ३०० जीएसएमचा जाड कागद दोन्ही बाजूंनी भिजवून बोर्डावर पसरायचा, चहाच्या टपरीची सावली धरायची आणि रंगाच्या पाण्यात ग्लिसरीनचे दोन थेंब टाकायचे. वाळणे थोडे लांबते. सावलीत बसण्याचे आणखी एक कारण आहे: पांढऱ्या कागदावर थेट ऊन पडले की डोळे दिपतात, सगळे रंग उजळ वाटू लागतात, आणि घरी नेलेले चित्र गडद निघते.

दुसरे भांडण एसटीशी. गाडी येते, माणसे उतरतात, चढतात; कंडक्टरने घंटी दिली की विषय निघून जातो. तिच्यामागे ब्रश पळवण्यात अर्थ नसतो. पण गाडी रोज जवळपास त्याच जागी उभी राहते. तेवढी जागा कोरी ठेवून भोवतीचे चित्र आधीच सुरू करता येते. आकाश, कडुनिंब, दुकानांची पत्र्याची छपरे, रस्ता हे सगळे गाडी येण्यापूर्वी. जलरंगात पांढरा रंग शक्यतो लावत नाहीत. पांढरे म्हणजे न रंगवलेला कागद. टपावरचे ऊन, समोरच्या काचेवरची चमक, कुणाची टोपी, यांच्या जागा पहिला ब्रश टेकवण्याआधी ठरलेल्या हव्यात. तेलरंगात उजेड शेवटी चढवता येतो. इथे तो सुरुवातीपासून राखावा लागतो.

सावल्यांचेही तसेच. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. दुपार कलल्यावर सावल्या भराभर लांबतात. म्हणून बसल्या बसल्या सावल्यांच्या कडा पेन्सिलीने आखून टाकायच्या आणि पुढे रस्त्यावरची सावली कुठेही गेली तरी आपली हलवायची नाही.

युरोपीय चित्रकारांच्या पुस्तकांत शरद म्हणजे तांबडी-पिवळी पाने. आपल्याकडे पावसाने धुतलेला कडुनिंब या दिवसांत हिरवागार असतो, सोयाबीन निघालेल्या रानात काळी माती उघडी पडलेली असते. तांबडा रंग आणते ती एसटी. १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली तेव्हा गाड्यांचा रंग निळा-चंदेरी होता. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात. तिथली सरकारी बससेवा निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये २७ गाड्यांवर सुरू केली होती. १९६१ मध्ये मराठवाड्याची बससेवा राज्याच्या महामंडळात आली.

आजची लाल गाडी एका लाल रंगात होत नाही. उन्हाकडची बाजू नारंगीकडे झुकते. सावलीकडच्या बाजूला अलिझरीन क्रिम्झनमध्ये अल्ट्रामरीन मिसळायचा. चाकांच्या वर धुळीचा पट्टा असतो, तिथे लाल ओला असतानाच पिवळी गेरू सोडायची. काळ्या मातीसाठी डबीतला काळा घेऊ नये, तो मेलेला दिसतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना ओल्यात भेटले की निळ्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि मातीला पोत येतो.

माणसे काढताना दृष्टिरेषा सांभाळायची. आपण उभे असू तर सपाट जागेवर जवळ उभ्या माणसाचे आणि दूरच्याचे डोके साधारण एकाच रेषेवर येते, फरक पडतो तो पायांत. बाकड्यावर बसलो की हा हिशेब बदलतो: जवळचा उंच होतो, दूरच्याचे डोके त्याच्या छातीपाशी येते. कलाविद्यालयातली मुले वह्या घेऊन एसटी स्टँडवर जातात ती हे डोळ्यांत मुरावे म्हणूनच. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या स्मरणचित्रात आपल्यापैकी अनेकांनी कधी ना कधी गर्दी काढलेली असते. तिथे प्रत्येक माणसाला नाक-डोळे असत. इथे डोक्याचा एक ठिपका, खांद्याचा एक फटकारा, हातातली पिशवी. बस्स.

बघणाऱ्यांना मात्र ते पुरत नाही. "भाऊ, काय काढायलाव?" इथून सुरुवात होते आणि गाडीच्या नंबरावर गाडी अडते. मी नंबर काढत नाही, पाटीही कोरीच ठेवतो; अक्षरे दिसली की नजर तिथेच वाचत बसते. टोपीवाले एक मामा बराच वेळ मागे उभे होते. म्हणाले, "पालमची हाय ही."

"मामा, पाटी तर कोरी आहे."

"पाटी कशाला पायजे? सावली बघा की कुठं गेली. एवढ्या टायमाला पालमचीच असती."

पेन्सिलीने आखलेल्या त्या कडा हलवल्या नव्हत्या, म्हणून गाडी ओळखली गेली.