माथ्यावरचे ऊन आणि घरातला गारवा



मुंबई-गोवा महामार्गाने खेड मागे टाकून चिपळूणकडे निघालात, की परशुरामाचा घाट उतरण्याआधी लोटे गाव लागते. जांभ्या दगडाचा सडा, त्यावर वसलेली वाडी-वस्ती, आणि शेजारीच औद्योगिक वसाहत. एप्रिल-मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमाराला अशा गावातल्या दोन घरांत डोकावून पाहा.

पहिले घर जुने, कौलारू. चिऱ्याच्या जाड भिंती, पुढे पडवी, वर माळा, शेणाने सारवलेली जमीन. आजी पडवीत आडवी झालेली आहे. घाम तिलाही येतो, पण ती झोपली आहे. दुसरे घर म्हणजे भाड्याची एक खोली, माथ्यावर पत्रा. रात्रपाळी करून आलेला माणूस तिथे सकाळपासून कूस बदलतो आहे. पंखा फिरतो, पण वारा भट्टीतला. त्याला आज रात्री पुन्हा कामावर जायचे आहे, आणि झोप न झालेल्या माणसाच्या हातून काय चुका होतात, हे कारखान्यात काम केलेल्यांना सांगायला नको.

दोन्ही घरांवर ऊन एकच. मग फरक कशाने पडला? आज आपण एवढेच समजून घेणार आहोत. कारण एकदा ते समजले, की उपाय आपल्याच हातात आहेत, आणि ते फार खर्चाचे नाहीत.

आधी सूर्याचा हिशेब पाहू. लोट्याला मेच्या १० तारखेच्या सुमाराला सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. शिक्षक बंधुभगिनी मुलांना हा शून्य सावलीचा दिवस दाखवतात, तोच हा. सूर्य डोक्यावर, म्हणजे ऊन कुणावर? भिंतींवर नव्हे, छपरावर. भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर सुमारे १००० वॅट एवढी उष्णता येऊन पडते. खोली दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद असली, तर छप्पर झाले नऊ चौरस मीटरांहून थोडे जास्त. म्हणजे हजार वॅटच्या नऊ इस्त्र्या आपल्या छपरावर चालू ठेवल्यासारखेच झाले! पत्रा उन्हात साठ अंशांच्याही पुढे तापतो आणि ती धग सरळ खाली अंथरुणावर फेकतो. स्लॅबची तऱ्हा निराळी. तो सावकाश तापतो, दिवसभर उष्णता पोटात साठवतो आणि आपण निजायला गेलो की मध्यरात्रीपर्यंत ती खाली सोडत बसतो. पंखा तीच हवा फिरवतो. दोष पंख्याचा नाही, माथ्याचा आहे.

आता जुने घर काय करत होते ते बघा. कौलांच्या फटींतून वरची तापलेली हवा निघून जाई. कौल आणि माणूस यांच्यामध्ये माळा असे, म्हणजे कौलाची धग आधी माळ्याला लागे. पडवीमुळे भिंतीवर ऊन येत नसे. पुढचे दार आणि मागचे दार एका ओळीत, म्हणून वारा आरपार जाई. अंगणात नारळीच्या झापांचा मांडव असे, त्यामुळे अंगण तापत नसे आणि दारातून येणारा वारा निवून येई. थोडक्यात, त्या घराची सगळी युक्ती एका वाक्यात सांगता येते. ऊन घरात शिरल्यावर ते घर धडपडत नसे, ते उन्हाला बाहेरच अडवत असे.

तुम्ही म्हणाल, “मग काय, पुन्हा कौले घालायची?” तसे माझे म्हणणे नाही. लोकांनी कौले काही हौसेने उतरवली नाहीत. माकडे कौले फोडतात, वाशांना वाळवी लागते, दर वर्षी पावसाआधी शाकारणी करायला माणूस मिळत नाही. मुंबईला असलेल्या मुलाने पैसे पाठवले आणि घरावर स्लॅब पडला, यात चूक काहीच नाही. प्रश्न इतकाच, की जुन्या घराची युक्ती नव्या घराला शिकवता येते का? येते.

पहिला उपाय, छपराला पांढरे करणे. आपल्याकडे चार महिन्यांच्या पावसात स्लॅबवर शेवाळ धरते, ते वाळून काळे पडते, आणि काळी वस्तू ऊन पिते. पांढरी वस्तू ऊन परत फेकते. म्हणून शिमगा झाला, की स्लॅब काथ्याने किंवा तारेच्या ब्रशाने घासून स्वच्छ करावा आणि त्यावर चुन्याचे दोन हात द्यावेत. चुना रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून, त्यात थोडा डिंक मिसळावा, म्हणजे तो धरून राहतो. कळीचा चुना भिजवताना पाणी उकळते, म्हणून मुलांना दूर ठेवा आणि डोळे सांभाळा. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तेव्हा हा चुना धुऊन जाणारच. हरकत नाही. आपण जमीन दर वेळी नव्याने सारवत होतोच ना? तसेच हे छपराचे सारवण समजा. छपरावरचे पाणी साठवत असाल, तर पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी सोडून द्या.

पत्र्याला मात्र चुना लावू नका. तो धरत नाही, आणि पत्र्याला बाधतोही. पत्र्याला पांढरा तेलरंग द्यावा. सिमेंटचा पत्रा असेल तर त्यावर पाय देऊन चढू नका. तो अचानक मोडतो आणि माणूस खाली येतो.

दुसरा उपाय, मधली जागा. पत्र्याच्या खाली एक-दीड वीत अंतर सोडून बांबूची तट्टी बांधा. तेही जमत नसेल, तर जुने लुगडे किंवा चादर ताणून बांधा. अंतर मात्र हवेच, आणि दोन्ही टोके मोकळी हवीत, म्हणजे तापलेली हवा वरच्या वर बाहेर जाईल. हा झाला गरिबाचा माळा. चुलीच्या माथ्यावर मात्र असे काही बांधू नका. स्लॅबवर पावसासाठी पत्र्याची शेड घातलेली घरे आता बरीच दिसतात. ती शेड म्हणजे स्लॅबची छत्रीच आहे. पण आपण काय करतो? तिच्या बाजू बंद करतो आणि आत अडगळ भरतो. उन्हाळ्यापुरत्या त्या बाजू उघड्या ठेवा. वाऱ्याला वाट मिळाली, तरच छत्रीचा उपयोग.

तिसरा उपाय, पश्चिमेची भिंत. दक्षिण-उत्तरेच्या भिंतींना या दिवसांत ऊन फार लागत नाही. पूर्वेची सकाळी तापते, तर पश्चिमेची दुपारनंतर, म्हणजे घर आधीच तापलेले असताना. त्या बाजूला झापांची एक आडोशी उभी करा, किंवा मोरीचे पाणी सोडून केळी लावा. केळीची पाने उन्हाला आडवी येतात आणि वाया जाणाऱ्या पाण्यावर घड मिळतो तो वेगळाच.

आता पाण्याविषयी. विदर्भात वाळ्याचे ताटे ओले करून दारात लावतात, कूलर चालवतात, आणि घर गार होते. आपल्याकडे तसे केले तर कधी घर गार होते, कधी नुसती चिकचिक होते. असे का? पाणी वाळताना हवेतली उष्णता घेते. हवा कोरडी असेल तर पाणी भराभर वाळते. हवाच दमट असेल तर ते वाळणार कसे? मग आजची हवा कशी आहे, हे ओळखायचे कसे? त्याचे यंत्र आपल्या घरातच आहे. ते म्हणजे पाण्याचा माठ. ज्या दिवशी माठातले पाणी चांगले गार लागते, त्या दिवशी हवा कोरडी आहे असे समजा. मार्चमध्ये पूर्वेचा वारा सुटतो आणि समुद्राचा वारा उशिरा येतो, तेव्हा असे दिवस येतात. त्या दिवशी खिडकीत ओला पडदा लावा, आणि भर दुपारी गरम वाऱ्याच्या बाजूची दारे लोटून घ्या. ज्या दिवशी माठ गार होत नाही, त्या दिवशी ओले पडदे काढा आणि वारा खेळता करा. उन्हाकडच्या खिडक्या बंद ठेवा, सावलीकडच्या उघड्या ठेवा. रात्री आणि पहाटे मात्र सगळे घर मोकळे करा. संध्याकाळी स्लॅबवर घागरी ओतण्यापेक्षा एकदा चुना लावलेला बरा. इतका पाऊस पडूनही मे महिन्यात हंडे घेऊन उभे राहायची पाळी ज्या मुलखात येते, तिथे पाणी छपरावर ओतणे परवडणारे नाही.

कोकणातले ऊन नागपूरएवढे चढत नाही, म्हणून त्याला कमी लेखू नका. हवामान खाते मैदानी भागात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करते, किनाऱ्यावर मात्र ३७ अंशांपासूनच, पारा नेहमीपेक्षा साडेचार अंश वर गेला असेल तर. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर निवत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला उघड्या मैदानावरच्या समारंभानंतर उष्माघाताने १४ माणसे दगावली. त्या दिवशी पारा काही विदर्भासारखा चढला नव्हता.

म्हणून घरातली म्हातारी माणसे, तान्ही मुले, गरोदर बाया आणि दिवसा झोपणारे पाळीकामगार यांना घरातली सगळ्यात गार जागा द्या. ती जागा बहुधा पत्र्याखाली नसते, पडवीत किंवा झाडाखाली असते. कोकम सरबत, पन्हे, ताक, मीठ-साखरेचे पाणी तहान लागण्याआधीच देत जा. एखाद्याचे अंग चटका बसेल असे तापले, तो असंबद्ध बोलू लागला, किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ क्रमांकावर फोन करा. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

शेवटी शिक्षकांना एक विनंती. सारख्या आकाराचे पत्र्याचे तीन रिकामे डबे घ्या. एक तसाच ठेवा. दुसऱ्याला पांढरा रंग द्या. तिसऱ्यावर वीतभर उंचीवर झापांचा छोटा मांडव करा. झाकणाला भोक पाडून प्रत्येकात प्रयोगशाळेचा तापमापक सोडा. ताप बघण्याचा घेऊ नका, तो फुटेल. सकाळच्या शाळेत नऊपासून सुटेपर्यंत दर अर्ध्या तासाने मुलांना आकडे टिपू द्या, आणि तो तक्ता ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. आमच्यासारख्यांनी सांगितलेले लोक ऐकतात आणि विसरतात. स्वतःच्या मुलाने मोजून आणलेला आकडा बाप विसरत नाही.

आणि ज्यांनी खोल्या भाड्याने दिल्या आहेत, त्यांनाही एक सांगणे आहे. एक डबा पांढरा रंग आणि चार तट्ट्या, एवढ्याने तुमच्या भाडेकऱ्याला दिवसाची झोप मिळणार आहे. येत्या शिमग्याला एवढे कराच.