लाल कार्ड म्हणजे बाहेर? प्रत्येक खेळात नाही

सोयाबीनच्या शेंगा भरायला लागल्या की वाशिम जिल्ह्यातल्या शाळांत क्रीडाशिक्षकांची धावपळ सुरू होते. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा आणि वाशिम अशा सहा तालुक्यांत आधी सामने होतात. तालुका जिंकला की जिल्हा आणि जिल्हा जिंकला की अमरावती विभाग. विभागात अकोला, बुलडाणा, यवतमाळ आणि अमरावती हे जिल्हे तर असतातच, शिवाय अकोला आणि अमरावती महापालिकांचे संघ वेगळे येतात, म्हणजे चुरस वाढते. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे तीन गट असतात. शेवटचे टोक भारतीय शालेय खेळ महासंघाच्या राष्ट्रीय स्पर्धेचे.

या साऱ्या उतरंडीत एखाद्या सामन्यात पंच खिशातून कार्ड काढतो आणि मैदानाभोवतीच्या गर्दीत कुजबूज सुरू होते. ‘पोट्ट्याचं वर्ष गेलं’, ‘आता नाव काळ्या यादीत’, ‘पंच इकल्या गेला’. यातली बहुतेक वाक्ये चुकीची असतात. गैरवर्तनाबद्दलची शिक्षा हा शालेय खेळातला सर्वांत कमी वाचला जाणारा भाग आहे. नियमपुस्तक उघडले जाते ते गुण कसे मिळतात हे पाहण्यासाठी. शिस्तीचे प्रकरण शेवटी असते, आणि तिथपर्यंत कोणी पोहोचत नाही.

‘लाल कार्ड दाखवलं म्हणजे खेळाडू बाहेर’

हा समज फुटबॉलने दिला आणि दूरदर्शनने घरोघरी नेला. फुटबॉलमध्ये तो खराच आहे. दोन पिवळी कार्डे मिळून लाल होते, लाल मिळालेला बाहेर जातो, त्याच्या जागी दुसरा येत नाही, आणि संघात सातपेक्षा कमी खेळाडू उरले तर सामना पुढे चालू राहत नाही.

पण आपल्या शाळा फुटबॉलपेक्षा व्हॉलीबॉल आणि कबड्डी जास्त खेळतात, आणि तिथे रंगांचा अर्थ बदलतो. व्हॉलीबॉलमध्ये किरकोळ गैरवर्तनासाठी पहिला पंच आधी कर्णधारामार्फत तोंडी समज देतो, मग पिवळे कार्ड दाखवतो. पिवळ्याने काहीच बिघडत नाही, ना गुण जातो ना सर्व्हिस. लाल कार्ड दाखवले की प्रतिस्पर्ध्याला एक गुण आणि सर्व्हिस मिळते, पण खेळाडू मैदानातच राहतो. त्याला बाहेर काढायचे तर पंच लाल आणि पिवळे कार्ड एकाच हातात धरतो. त्याचा अर्थ, हा सेट संपेपर्यंत बाहेर. दोन्ही कार्डे दोन हातांत वेगवेगळी दाखवली, तर त्याच्यापुरता उरलेला सामनाच संपला. लांबून बघणाऱ्याला हा फरक कळत नाही. लाल कार्ड मिळूनही मुलगा खेळतोच आहे हे पाहून ‘पंचाला नियम माहीत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. नियम पंचाला माहीत असतो, गर्दीला नसतो.

बॅडमिंटनमध्येही असेच. पिवळे म्हणजे ताकीद, लाल म्हणजे फॉल्ट, म्हणजे समोरच्याला एक गुण. बाहेर काढणारे कार्ड काळे असते. हॉकीत हिरवे कार्ड मिळाले तर खेळाडू दोन मिनिटे बाहेर बसतो, पिवळे मिळाले तर किमान पाच मिनिटे, आणि लाल मिळाले तर परत येत नाही. कबड्डीत मात्र हिरवे कार्ड ही नुसती ताकीद आहे, पिवळे म्हणजे दोन मिनिटे बाहेर, आणि लाल म्हणजे त्या सामन्यापुरता खेळ संपला. एकाच शाळेचा मुलगा सकाळी हॉकी आणि दुपारी कबड्डी खेळला, तर त्याच हिरव्या रंगाचे दोन अर्थ त्याला एका दिवसात लक्षात ठेवावे लागतात. आणि ताकीद ही ताकीदच आहे असे समजून पुन्हा तेच केले, तर कार्डाचा रंग चढत जातो.

‘फाउल म्हणजे धक्काबुक्की, बाकी सगळं खेळाचा भाग’

कबड्डीच्या नियमांतली फाउलची यादी एकदा वाचून बघावी. चढाईपटूचे तोंड किंवा गळा दाबून त्याचा दम रोखणे, इजा होईल अशी पकड करणे आणि पायांची कात्री मारणे हे त्यात आहेच. पण बाहेरून मार्गदर्शन करणे हेसुद्धा त्याच यादीत आहे. आमच्याकडे तर अर्धा सामना मैदानाबाहेरूनच खेळला जातो. ‘धर, धर, पाय धर’ असे ओरडणारे सर स्वतःला संघाचा आधार समजतात. कडक पंच असेल, तर तो आधार संघाला महागात पडू शकतो.

फुटबॉलने २०१९ पासून यावर थेट कार्डच आणले. प्रशिक्षक किंवा संघासोबतच्या माणसालाही आता पिवळे-लाल कार्ड दाखवता येते. आणि बाकावरून शिवी आली पण कोणी दिली ते कळले नाही, तर कार्ड तिथे असलेल्या मुख्य प्रशिक्षकाला मिळते. नियम बनवणाऱ्यांनी माणसांचा अभ्यास केलेला दिसतो. ‘मी नाही, तो मागचा बोलला’ हे उत्तर त्यांनी आधीच बंद करून टाकले.

‘ज्यानं केलं त्यालाच शिक्षा’

क्रिकेटचे उदाहरण घेऊ. मेरिलबोन क्रिकेट क्लबच्या कायद्यांत १ ऑक्टोबर २०१७ पासून खेळाडूंच्या वर्तनासाठी ४२ वा कायदा आला. त्यात गैरवर्तनाचे चार स्तर आहेत. पंचाच्या निर्णयावर नाराजी दाखवणे, शिवीगाळ, अपील करत पंचाच्या अंगावर धावून जाणे हा पहिला स्तर. पहिल्यांदा घडले तर ताकीद मिळते. पण त्याच संघातल्या दुसऱ्या कोणीही पुन्हा तसे केले, तर समोरच्या संघाच्या धावफलकावर पाच धावा जमा होतात. ताकीद पहिल्या खेळाडूला मिळाली असली तरी हिशेब संघाचा चालू असतो. दुसऱ्या स्तराला पाच धावा लगेच जातात. तिसऱ्या स्तरात, म्हणजे पंचाला धमकावण्यासारख्या वागण्यात, पाच धावांशिवाय खेळाडूला मर्यादित षटकांच्या डावातल्या एक-पंचमांश षटकांसाठी बाहेर बसावे लागते. हिंसा किंवा पंचाला मारण्याची धमकी हा चौथा स्तर, आणि त्यानंतर तो उरलेल्या सामन्यात खेळू शकत नाही. कर्णधाराने त्याला बाहेर पाठवायला नकार दिला, तर पंच सामना प्रतिस्पर्ध्याला देऊ शकतात.

कबड्डीतही पिवळे कार्ड मिळालेल्याच्या जागी बदली खेळाडू येत नाही. सात जणांच्या खेळात दोन मिनिटे एक माणूस कमी म्हणजे लोण चढण्याची पुरेपूर शक्यता. शिक्षा एकाच्या नावावर असली तरी सोसावी सगळ्यांना लागते.

‘पंचाला काही विचारलं की तो गैरवर्तनात धरतो’ आणि ‘संघ बाहेर काढला की पंच नमतात’

हे दोन गैरसमज जोडीने फिरतात, म्हणून एकत्रच घेतो.

विचारता येते. व्हॉलीबॉलमध्ये मैदानावरचा कर्णधार पहिल्या पंचाकडे निर्णयाचे स्पष्टीकरण मागू शकतो, आणि ते पटले नाही तर सामना संपल्यावर गुणपत्रिकेवर आपली हरकत नोंदवण्याचा हक्क राखून ठेवल्याचे सांगू शकतो. शालेय स्पर्धांत ठरलेल्या वेळेत, ठरलेले शुल्क भरून लेखी आक्षेप देण्याची पद्धत आहे. आक्षेप फेटाळला तर शुल्क जाते. ही वाट कोणाची? कर्णधाराची आणि संघ व्यवस्थापकाची. सहा पोरांनी आणि गावातल्या चार जणांनी पंचाला घेराव घालणे याला विचारणे म्हणत नाहीत.

संघ बाहेर काढण्याचे म्हणाल, तर फेब्रुवारी १९८१ ची मेलबर्न कसोटी आठवावी. ऑस्ट्रेलियाचा गोलंदाज लिली याच्या चेंडूवर पायचीत दिल्याने चिडलेल्या सुनील गावसकरांनी आपल्याबरोबर चेतन चौहान यांनाही मैदानाबाहेर चालवले. चौहान महाराष्ट्राकडून खेळलेले, त्यामुळे या गोष्टीत आपली दोन्ही माणसे आहेत. सीमारेषेवर भारतीय संघाचे व्यवस्थापक, विंग कमांडर दुर्राणी यांनी चौहान यांना थांबवले आणि परत खेळायला पाठवले. पुढे कपिल देव यांनी २८ धावांत पाच बळी घेतले, ऑस्ट्रेलिया ८३ धावांत बाद झाली, भारत ५९ धावांनी जिंकला आणि मालिका बरोबरीत सुटली. दुर्राणी थांबवायला नसते, तर जिंकलेला सामना कागदावर हरलेला ठरण्याची वेळ आली असती. आपल्याकडे संघाबरोबर जाणाऱ्या सरांचे काम डबे आणि गणवेश सांभाळण्यापुरते धरले जाते. खरे काम हे आहे.

‘कार्ड मिळालं की दहावीचे गुण कापतात’

मंडळाच्या परीक्षेत विद्यार्थ्याने मिळवलेल्या गुणांना मैदानावरचे कार्ड हात लावू शकत नाही. वर्षही वाया जात नाही. संबंध आहे तो वेगळ्या दाराने. जिल्हास्तरापासून पुढच्या कामगिरीवर दहावी-बारावीला क्रीडा गुणांची सवलत मिळते, त्यासाठी शाळेमार्फत प्रस्ताव जातो. संघ बाद झाला आणि त्यामुळे पुढच्या फेरीचे प्रमाणपत्रच मिळाले नाही, तर त्यावर मिळणारी सवलतही मिळणार नाही. शासकीय नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणासाठीही शेवटी प्रमाणपत्रांचीच पडताळणी होते. म्हणजे शिक्षा गुणपत्रिकेला होत नाही, पण मिळू शकणारा लाभ हातचा जाऊ शकतो.

‘सामना संपला, विषय संपला’

पंचाचा अधिकार मुख्यतः त्या सामन्यापुरता. पण तो आयोजकांकडे अहवाल देतो, आणि तिथून पुढचा अधिकार संघटनेचा. अहिल्यानगरला २ फेब्रुवारी २०२५ रोजी महाराष्ट्र केसरीत जे घडले ते वाशिमच्या तालमींतल्या पोरांनीही मोबाइलवर पाहिले. शिवराज राक्षे यांनी निकालानंतर पंचाला लाथ मारली, महेंद्र गायकवाड यांनी अंतिम कुस्ती सोडली. कुस्तीगीर संघाने दोघांचे तीन वर्षांसाठी निलंबन जाहीर केले. पंचाचा निर्णय बरोबर होता की चूक, यावर गावोगावी वाद झाले. तो वाद आपल्या जागी रास्त असेलही. शिक्षेचा प्रश्न मात्र निर्णयाचा नव्हता, लाथेचा होता.

‘मोठ्या खेळाडूंना कोण हात लावतो’ असेही म्हणतात. जुलै २०२३ मध्ये ढाक्यात हरमनप्रीत कौर यांनी बाद झाल्यावर बॅटने यष्ट्या उडवल्या आणि बक्षीस समारंभात पंचगिरीवर टीका केली. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने सामना मानधनाच्या ७५ टक्के दंड केला आणि दोन सामन्यांची बंदी घातली. त्यामुळे हांगझोऊच्या आशियाई खेळांत भारताची कर्णधार उपांत्यपूर्व आणि उपांत्य सामना बाहेर बसून पाहत होती. ती परतली थेट अंतिम सामन्याला, आणि भारताने सुवर्ण जिंकले.

अमेरिकेतल्या अनेक राज्यांत शालेय सामन्यातून बाहेर काढलेल्या विद्यार्थ्याला पुढचा सामनाही आपोआप बसावे लागते. आपल्याकडे पुढच्या सामन्याचे काय, हे त्या खेळाच्या आणि त्या स्पर्धेच्या नियमांवर ठरते, म्हणून स्पर्धेआधी व्यवस्थापकांच्या बैठकीत ते विचारून घ्यावे.

‘सरांनी मैदानावर दोन लगावल्या, ती शिस्तच’

नाही. कार्ड दाखवणे ही खेळाची शिक्षा आहे, थोबाडीत मारणे ही नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ सहा ते चौदा वयाच्या मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करण्यास मनाई करते. मैदान हे शाळेबाहेरचे, असा बचाव सुचवणारे भेटतात. मूल शाळेच्या वतीने खेळायला आलेले असते, हे ते विसरतात.

उलट बाजूही आहे. पंच म्हणून काम करणारा शिक्षक लोकसेवक असेल आणि त्याला कर्तव्यावर असताना मारहाण झाली, तर भारतीय न्याय संहितेचे कलम १३२ लागू होऊ शकते. मैदानात घुसणाऱ्या काकांना हे सांगून ठेवावे.

‘वय थोडं कमी दाखवलं, त्यात काय’

खिलाडूवृत्ती म्हटले की आपल्याला शिव्या आणि हाणामारी आठवते. पण कडक शिक्षा असलेले एक गैरवर्तन शांतपणे, टेबलावर, कागदावर केले जाते. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने २०१० मध्ये वयचोरीविरुद्ध राष्ट्रीय संहिता आणली. तिच्यानुसार पहिल्यांदा सापडलेल्या खेळाडूवर दोन वर्षांची बंदी, आणि दुसऱ्यांदा सापडल्यास आजीवन. मैदानावर पंचाला शिवी देणारा मुलगा बहुधा दोन मिनिटांनी परत येतो. सतराचा पंधरा होऊन खेळलेला परत यायला वर्षे जातात.

कागद मुलगा स्वतः बनवत नाही. प्रवेश घेतानाच जन्मतारीख मागेपुढे करून ठेवलेली असते, आणि ओळखपत्रावर सही मोठ्या माणसाची असते. बंदी मात्र मुलाच्या नावावर येते. वयचोरी पकडण्यासाठी मुलाच्या मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय काढतात. भारतीय क्रिकेट नियामक मंडळ वयोगटांतल्या मुलांसाठी टीडब्ल्यू-३ नावाची ही पद्धत वापरते. दाखल्यावरची तारीख बदलता येते, मनगटाच्या हाडांची वाढ बदलता येत नाही. म्हणून तालुक्याच्या संघनिवडीआधी क्रीडाशिक्षकांनी ग्रामपंचायतीचा मूळ जन्मदाखला मागावा, बोनाफाईडवर थांबू नये. आणि पालकांनी तो देताना ‘सर, एक वर्ष इकडंतिकडं करता आलं तर बघा’ हे वाक्य घरीच ठेवून यावे.