रंग आणि रक्त

'मुलगी सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस.' या वाक्यातला 'पण' कोलाडच्या आसपासच्या आपल्या वस्त्यांतही शिरला आहे. वर्ण म्हणजे कातडीचा रंग, ही उपपत्ती बाबासाहेबांनी १९४६ साली 'हू वेअर द शूद्राज?' या ग्रंथात खोडून काढली. आपण ती आरशासमोर जपतो. १९७५ साली आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने २०२० मध्ये नावातले 'फेअर' गाळले, पण तो 'पण' काही गळला नाही.

मेलॅनिन बनवणाऱ्या पेशी काळ्या-गोऱ्या सर्व माणसांत जवळपास सारख्याच संख्येने असतात. त्या किती आणि कसले रंगद्रव्य बनवतात, एवढाच फरक. आणि तो जन्मजात. केशर-दुधाने तो बदलत नाही. शेतात राबणाऱ्या बाईला हेच रंगद्रव्य उन्हापासून राखते. गोरे करणाऱ्या काही बेनामी मलमांत पारा किंवा स्टेरॉइड सापडते. पाऱ्याने मूत्रपिंडे बिघडतात. स्टेरॉइडने कातडी पातळ होते आणि मलम सोडताच चेहरा भडकतो.

खरी काळजी निराळीच आहे. पाळीत रक्त जाते, ताटात भाताखेरीज फारसे काही नसते, बाई पांढुरकी पडते, आणि शेजारीण म्हणते, "उजळलीस गं!" हा उजाळा नव्हे, पंडुरोग आहे. पापणी खाली ओढून आतली बाजू पाहावी. फिकी दिसली तर सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासावे. गरोदर नसलेल्या बाईत ते १२ ग्रॅमच्या खाली नसावे. कलेजी, मासळी, हरभरे, पालेभाजी खावी, वर लिंबू पिळावे; जेवणावर लगेच चहा नको. लोहाच्या गोळ्यांनी शौचास काळे होते. त्या काळ्याला घाबरून गोळ्या उकिरड्यावर टाकू नयेत.