तारदोराची झीज : कारणे आणि काळजी

बंदरातील गोदी असो, साखर कारखान्यात ऊस उतरविणारी क्रेन असो किंवा शहरातील पुलाचे बांधकाम असो. टनावारी ओझे ज्याच्या भरवशावर वर चढते तो असतो पोलादी तारदोर, कामगारांच्या बोलीतला ‘वायर रोप’. आपल्या वस्त्यांतील कित्येक तरुण या ओझ्याच्या आसपास उभे राहून भाकरी कमावतात. म्हणून हा दोर का झिजतो आणि त्याची झीज कशी ओळखावी, हे आपण समजून घेतले पाहिजे.

पूर्वी खाणींत साखळ्या वापरीत. साखळीची एक कडी तुटली की सारे ओझे कोसळे. यावर उपाय म्हणून जर्मनीतील हार्ट्‌झ पर्वतात, क्लाउस्थाल येथील खाण-अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट यांनी १८३४ मध्ये चार-चार तारांचे तीन पेड वळून दोर तयार केला. त्यामागील तत्त्व साधे होते : एक तार तुटली तरी उरलेल्या तारा भार पेलतात. आजच्या एका प्रचलित दोरात सहा पेड व प्रत्येकात एकोणीस, म्हणजे एकूण ११४ तारा असतात. मधोमध धाग्याचा किंवा पोलादाचा गाभा असतो.

झिजेची कारणे मुख्यतः चार आहेत. पहिले घर्षण : कप्पीच्या खाचेत दोर घासून बाहेरच्या तारा चपट्या होतात. खाच अरुंद असेल तर दोर आवळला जातो, फार रुंद असेल तर तो दबून पसरतो. दुसरे वाकण्याचा शीण : कप्पीवरून जाताना तार वाकते नि सरळ होते, असे हजारो वेळा घडले की ती तडकते. कप्पी जितकी लहान, तितका हा शीण अधिक. तिसरे गंज : वंगण सुकले की खारी हवा व पाणी आत शिरते आणि दोर गाभ्याकडून पोखरला जातो, बाहेरून मात्र तो धडधाकट दिसतो. चौथे चुकीची हाताळणी : क्षमतेहून जास्त भार, हिसका देऊन उचलणे, ओझे तिरके ओढणे, ड्रमवर दोर वेडावाकडा गुंडाळणे. दोराला एकदा गाठीसारखी मुरड पडली की ती ओढून सरळ केली तरी तेथील बळ परत येत नाही.

उपायही याच कारणांतून निघतात. कप्पीची खाच दोराच्या जाडीला जुळणारी असावी व कप्पी मुक्तपणे फिरावी. जुने वंगण व धूळ पुसून मगच नवे वंगण द्यावे. रोज काम सुरू करण्यापूर्वी दोर डोळ्यांखालून घालावा. चालत्या दोराला हात लावू नये. कप्पीवरून सतत ये-जा करणारा भाग आणि टोकाची पकड विशेष बारकाईने पाहावी. ठराविक लांबीतील तुटक्या तारा मोजाव्यात आणि व्हर्नियरने जाडी मोजून नव्या दोराशी ताडून पाहावी. दोन पेडांमधल्या फटीत तार तुटलेली दिसली तर आतील बिघाडाची शंका घ्यावी. एखादा पेड तुटला, दोर पिंजऱ्यासारखा फुगला किंवा गाभा बाहेर डोकावला, तर तो दोर तत्काळ बाद करावा. झीज निर्मात्याने घातलेल्या मर्यादेपलीकडे गेली, तरीही हेच करावे.

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम २९ ने उचल यंत्रांची व दोरांची वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी आवश्यक ठरविली आणि सुरक्षित भारापेक्षा अधिक उचलण्यास मनाई केली. परंतु वर्षाच्या दोन तपासण्यांमध्ये शेकडो पाळ्या जातात. त्या काळात दोरावर लक्ष ठेवणारा डोळा कामगाराचाच असतो.

तारदोर सहसा एकाएकी तुटत नाही. एकेक तार तोडून तो आधी इशारा देतो. तो इशारा वाचता येणे हेही एक शिक्षणच आहे, आणि वाचल्यावर ‘काम थांबवा’ असे निर्भयपणे म्हणता येणे हे त्या शिक्षणाचे फळ होय. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज मुकादम, सुपरवायझर वा अभियंता आहेत, त्यांनी असे म्हणणाऱ्या मदतनिसाच्या पाठीशी उभे राहावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.